दहावं पाखरू

मानसिंगराव मोहित्यांची मिशी बेंगळूरच्या गवीपुरात घड्याळासारखी वापरली जायची. पहाटे साडेपाचला ते फाटकाशी उभे राहून तिला तूप लावत. उजवं टोक वर गेलेलं दिसलं की दूधवाला समजे, आपण वेळेवर आहोत. डावंही वर गेलेलं दिसलं की तो सायकल जोरात हाणी. मैसूरच्या महाराजांच्या घोडदळात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. दसऱ्याच्या मिरवणुकीत एकदा उधळलेला घोडा आपण नुसत्या मिशीच्या टोकानं आवरला होता असं ते सांगत, आणि ऐकणाऱ्यानं ‘ते कसं काय?’ असं विचारलं तर त्याच्याशी आठवडाभर बोलत नसत.

भिंतीपलीकडे मल्हारराव जगताप राहायचे. मानसिंगरावांच्या बायकोचे, सोयराबाईंचे, मावसभाऊ. सर्व्हे खात्यातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. मिशी त्यांनाही होती, पण ती पट्टी ठेवून आखल्यासारखी बारीक, आणि दर पंधरा दिवसांनी कलप लावून काळी केलेली. सोयराबाई होत्या तोवर त्या दोघांच्या मध्ये त्या स्वतः उभ्या असत, आणि त्या भिंतीपेक्षा भक्कम होत्या. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. भिंत तेवढी उरली. मग भिंतीवरून झुकलेल्या शेवग्याच्या फांदीच्या शेंगा कोणाच्या, यावरून दोघांचं जे वाजलं ते तीन वर्षं वाजतच होतं. शेवगा वाळून गेला, तरी शेंगांचं भांडण हिरवंगार होतं.

नवे पैसे येऊन वर्ष होत आलं होतं. संक्रांतीनंतरच्या एका सकाळी मल्हारराव कँटोनमेंटमधून टांग्यात काहीतरी उभं धरून आले. कोणी इंग्रज म्हातारी बंगला विकून मायदेशी निघाली होती. तिच्या सामानाच्या लिलावात त्यांनी पाखरांना दाणे घालायचं लाकडी घर घेतलं होतं. उंच खांब, खांबावर एवढीशी ओसरी, ओसरीवर उतरतं छप्पर. मल्हाररावांनी ते मुद्दाम भिंतीला लागून उभं केलं, स्टुलावर चढून त्यात मूठभर भात टाकला आणि मोठ्यानं, अगदी कोर्टात पुकारा करावा तसे म्हणाले,

“या रे पाखरांनो, इकडं या! पलीकडं जाऊ नका. सोयराअक्का गेल्यापासून तिकडं कावळासुद्धा फिरकत नाही.”

मानसिंगराव तेव्हा कॉफीचा पेला तोंडाला लावत होते. पेला तिथंच राहिला. कारण मल्हाररावांच्या सगळ्या आयुष्यात त्यांनी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. सोयराबाई असताना सकाळी मागच्या अंगणात असा कलकलाट व्हायचा की मानसिंगराव वर्तमानपत्र आपटून म्हणत, ‘हे घर आहे की पलटणीचा बाजार?’ बाई गेल्या आणि दुसऱ्याच महिन्यात बाग मुकी झाली. पेरू, लिंबू, मेंदीचं कुंपण, सगळं जागच्या जागी होतं. पाखरू नव्हतं. ही गोष्ट त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती, आणि आता ती भिंतीवरून त्यांच्याच अंगावर फेकली गेली होती.

पेला खाली ठेवून ते भिंतीशी गेले. “शिरस्तेदार, खाली उतर. स्टूल मोडेल. तसं मोडलं तरी चालेल.”

“दाजी, खरं बोललं की झोंबतं.”

“माझ्या बागेत मी बोलावीन तेव्हा पाखरं येतील. रांगेनं येतील!”

“लावा पैज.”

“कशाची?”

मल्हाररावांनी स्वतःच्या ओठावरची काळी रेघ बोटानं सारखी केली. “मिशीची. उगादी-पाडव्याच्या आधीच्या सोमवारी मोजू. हरेल त्यानं त्याच दिवशी, जिंकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, सगळी उतरवायची.”

आता शहाणा माणूस इथं घरात जाऊन कॉफी संपवतो. पण घोडदळात शहाण्या माणसांची भरती होत नसे. “ठरलं,” मानसिंगराव म्हणाले.

पंच म्हणून समोरच्या घरातले भीमाचार्य ठरले. गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांना पाखरांच्या जाती पंचांगाइतक्या पाठ होत्या, आणि लिहिलेल्या शब्दापलीकडे ते देवाचंही ऐकत नसत. नियम मल्हाररावांनीच सांगितले. तीस वर्षांची सवय, कलमांशिवाय त्यांना धड शिंकही येत नसे. आचार्यांनी जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर लिहून घेतलं. कलम एक, मोजणी पंचांगातल्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. कलम दोन, पाखरं किती हे नव्हे, जाती किती हे मोजायचं. कलम तीन, पाखरानं बागेतलं काहीतरी चोचीत उचललं पाहिजे.

“नुसतं बसलं, ओरडलं, शिटलं, ते धरायचं नाही,” मल्हारराव म्हणाले. “नाहीतर हे भिंतीवर बसलेला कावळा मिरवतील.”

“उचलायचं म्हणजे काय?” आचार्यांनी लेखणी थांबवली. “दाणा?”

“दाणा, फळ, किडा, काही का असेना! चोचीत धरलं की झालं.”

“‘काही का असेना’,” आचार्यांनी पुटपुटत लिहिलं. “सरी, ठीक. सह्या करा.”

तिथून मानसिंगरावांनी जी चूक केली ती घोडदळातला माणूसच करू जाणे. त्यांच्या मते जगात खायला घालण्याची पद्धत एकच होती. घोडा काय, पाखरू काय, पोट ते पोट. त्यांनी चार शेर कुळीथ रात्रभर भिजत घातले, सकाळी त्यात गूळ आणि कोंडा कालवला, माळ्यावरचा जुना चामडी तोबरा काढून त्यात ते भरलं आणि तोबरा पेरूच्या खालच्या फांदीला टांगला. मग अंगणात ताठ उभं राहून त्यांनी चाऱ्याचं बिगूल फुंकलं.

पहिल्या दिवशी उंदीर आले. दुसऱ्या दिवशी धोब्याचं गाढव आलं, त्यानं तोबऱ्यात तोंड घातलं आणि तो तसाच गळ्यात घालून ते केंपांबुधी तळ्यापर्यंत फिरून आलं. चौथ्या दिवशी ते बिगुलाच्या पहिल्या सुरावर दुडक्या चालीनं यायला लागलं, आणि आठवड्याभरात त्याला ‘डावीकडे फिर’ समजायला लागलं. गवीपुरातले लोक अजून सांगतात की ते गाढव पुढं मरेपर्यंत पाय जुळवूनच चालायचं.

भिंतीवरून मल्हाररावांचा आवाज आला, “आचार्य, गाढव कुठल्या जातीचं पाखरू हो? एकदा लिहून ठेवा, नंतर वाद नको!”

मानसिंगरावांनी बिगूल त्यांच्या दिशेनं फुंकलं. मल्हाररावांच्या हातातली बशी खाली पडली. त्या दिवसातला तेवढाच विजय.

स्वयंपाकाला येणारी भागुबाई चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती. निपाणीकडची बाई, तोंडात पान आणि पानामागं जीभ. “अण्णा,” ती म्हणाली, “पाखराची चोच तरी बघा की स्वल्प. घोड्याची जिवणी हाय का ती?”

“मग काय घालायचं? तुझ्या अक्का काय घालायच्या?”

“तांदूळ घालायच्या, कण्या घालायच्या. आणि वेणी घातली की गुंतवळ त्या मेंदीच्या कुंपणात खोचायच्या. तुम्ही वराडायचा त्यांच्यावर.”

“ओरडणार नाही तर काय? केस उडून भातात यायचे!”

“भातात एखादा. बाकीचं गुंतवळ दुपारच्या आत गायब व्हायचं.”

“वारा,” मानसिंगराव म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले. बायकोच्या गुंतवळाशी या प्रकरणाचा काही संबंध असेल असं त्यांना वाटलं नाही. बत्तीस वर्षं त्यांना घोड्याच्या शेपटीतलं कळत होतं, बायकोच्या वेणीतलं नाही.

तरगुपेठेत धान्याच्या पोत्यांच्या मागं शिवाप्पा बसायचा. त्याच्या दुकानात सगळ्या बेंगळूरच्या चिमण्या फुकट जेवायच्या, त्यामुळे त्यांच्या आवडीनिवडी त्याला गिऱ्हाइकांपेक्षा जास्त ठाऊक होत्या.

“पाखरांसाठी दाणे पाहिजेत. उत्तम प्रतीचे.”

“उत्तम-बित्तम काही नसतंय, अण्णा. चोच बघून घ्यायचं.” शिवाप्पानं बोटं चोचीसारखी जुळवली. “आखूड जाड चोच, चिमणी, मुनिया, त्यांना राळे आणि नाचणी. साळीचा दाणा टरफलासकट द्या, सोलून खायची त्यांना हौस. वाकडी चोच, पोपट, त्याला भुईमुगाची शेंग. सोललेली देऊ नका, तो अपमान समजतोय. बुलबुल, तांबट, कोकीळ, त्यांना दाणा नको, पिकलं केळं, पपई टांगा.”

“आणि बारीक चोचीवाले?”

शिवाप्पानं मान हलवली. “ते दाण्यानं येत नाहीत. किडे खातात. त्यांना तुमच्याकडचं काय हवं असतंय ते त्यांचं त्यांना माहीत. माझ्या दुकानात ते मिळत नाही.”

त्यानंतर मानसिंगरावांनी मोहीम नव्यानं आखली. नारळाच्या करवंट्या घासून, तीन-तीन दोऱ्यांनी तोलून पेरूला टांगल्या: उंचावरची राळ्यांची, मधली नाचणीची, खालची शेंगांची. भाताच्या लोंब्या विणून दारावर तोरण बांधलं, सोयराबाई दर सुगीला बांधत तसं. पहिलं तोरण सुटून त्यांच्याच डोक्यावर पडलं, दुसरं टिकलं. पाण्याला पसरट मातीचं परळ, त्यात मधोमध एक दगड, पाखराला पाय टेकायला. मांजर चढू नये म्हणून खोडाला बाभळीचे काटे. आणि बिगूल खुंटीवर.

बारा दिवस काहीही झालं नाही. मानसिंगराव खिडकीआड खुर्ची टाकून बसत. तेराव्या दिवशी लोंब्यांच्या तोरणावर एक चिमणी उतरली, डोकं तिरकं करून तिनं आधी घराकडे पाहिलं, मग एक दाणा ओढला, सोलला, टरफल उंबऱ्यावर टाकलं आणि गेली. मानसिंगराव उभे राहिले आणि त्यांचा हात आपोआप सलामाला कपाळाशी गेला. भागुबाईनं ते पाहिलं. तिनं मान वळवून चूल फुंकली. तेवढी तिला समज होती.

रोज पाखरं यायला लागली तशी मल्हाररावांना झोप लागेना. त्यांनी एक बोका पाळला, त्याचं नाव तहसीलदार ठेवलं आणि सकाळी त्याला भिंतीवर नेमणुकीवर बसवू लागले. मानसिंगरावांनी भिंतीवर मिरचीची पूड पेरली. तहसीलदार बदली मागून गेला तो परत आला नाही. मल्हाररावांनी रेडिओ खिडकीत ठेवून भिंतीकडे तोंड करून मोठा केला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या इंग्रजी पाखरघराच्या छपरावर कोणीतरी तूप फासलं, आणि उतरू पाहणारी कबुतरं घसरून एकावर एक पडू लागली.

“हा हल्ला आहे, दाजी!”

“तूप माझ्या मिशीचं आहे म्हणतोस? सिद्ध कर.”

मग मल्हाररावांनी आपल्या बागेत, मानसिंगरावांच्या पेरूच्या अगदी समोर, बुजगावणं उभं केलं. खाकी कोट, रिकामी काडतूसपेटी, मडक्याचं तोंड आणि त्याला काथ्याची वळलेली हे एवढी मोठी मिशी. सगळी गल्ली बघायला जमली. दूधवाला त्या दिवशी दोनदा आला. मानसिंगराव संतापानं इतके थरथरले की करवंट्या हलल्या.

पण चारच दिवसांत बुजगावण्याची मिशी गायब झाली. रोज थोडी थोडी झिजत गेली होती. मल्हाररावांना कळलं ते शेवटच्या दिवशी.

“चोर!” ते भिंतीवर मुठी आपटत ओरडले. “जिवंत माणसाची चोरायची हिंमत नाही म्हणून मडक्याची चोरता?”

“काथ्याची मिशी मला कशाला? माझी स्वतःची आहे,” मानसिंगराव म्हणाले. “तुझ्या कलपाला भिऊन पळाली असेल ती.” मनात मात्र ते चक्रावले. मिशी त्यांनी नेली नव्हती.

मोजणीच्या आदल्या आठवड्यात देवाप्पा न्हावी मानसिंगरावांच्या मिशीची टोकं छाटायला आला होता. बोलता बोलता उशीर झाला, भागुबाईनं देवाशी दिवा लावला, आणि देवाप्पानं उघडलेली कात्री मिटून पेटीत टाकली. “दिवेलागण झाली. आता केसाला हात नाही. घराला लागतंय ते.”

“एकच केस राहिलाय रे!”

“एक असो, लाख असोत. उद्या मंगळवार, उद्याबी नाही. बुधवारी या म्हणा, येतो.” मानसिंगरावांनी बरंच सुनावलं, पण तो ऐकेना. त्यांच्या मिशीचं एक टोक दोन दिवस दुसऱ्यापेक्षा लांब राहिलं, आणि दूधवाल्याची वेळ पाच मिनिटांनी चुकली.

मोजणीचा सोमवार उजाडला. भीमाचार्यांनी भिंतीतली एक वीट काढून दोन्ही बागा दिसतील अशी खुर्ची मांडली. मांडीवर पंचांग, पुढ्यात दोन पितळी तांबे. जात नवी आली की तांब्यात एक चिंचोका. टक्.

सकाळचे दोन तास बरोबरीत गेले. चिमणी दोन्हीकडे, साळुंकी दोन्हीकडे. पोपटानं मानसिंगरावांकडची शेंग उचलली आणि मल्हाररावांकडे जाऊन दुसरी उचलली. त्याला कोणाचंच सोयरसुतक नव्हतं. बुलबुल, कावळा, कोकीळ, तांबट. कबुतर तुपाचं छप्पर विसरून परत मल्हाररावांकडे आलं, आणि तिथून मानसिंगरावांकडे. दुपारी आठ-आठ.

चार वाजता मल्हारराव घरात गेले आणि पोटाशी काहीतरी झाकून बाहेर आले. पाखरघराच्या मागं वाकले. दुसऱ्याच क्षणी ओसरीवर एक लाल मुनिया बसली होती. शेपटी झडलेली, पंखावर पिंजऱ्याचा गंज. ती भुकेली होती. तिनं समोरचा राळ्याचा दाणा उचलला. टक्.

“आचार्य!” मानसिंगराव भिंतीवर चढायचेच बाकी होते. “ते शिवाजीनगरच्या बाजारातून विकत आणलंय! पिंजऱ्यातलं आहे!”

आचार्यांनी कागद डोळ्यांशी धरला. “नियमात पिंजऱ्याचा उल्लेख नाही. पाखरू आहे. चोचीत उचललं आहे. नऊ.”

“हा न्याय?”

“हे वाचन,” आचार्य म्हणाले. “न्याय वेगळ्या खात्याकडे असतो.”

पाच वाजले. सहा वाजले. मानसिंगरावांच्या बागेत तीच ती चिमण्यांची गर्दी. नवीन काही नाही. फाटकाबाहेर दोन्हीकडची माणसं जमली होती, कोणी बसायला सतरंज्यासुद्धा आणल्या होत्या. मानसिंगराव ताठ उभे होते. बोट मात्र सारखं मिशीकडे जात होतं. बाविसाव्या वर्षी फुटलेली मिशी. लग्नात सोयराबाईंनी मान वर करून आधी तीच पाहिली होती आणि हसू दाबायला पदर तोंडात कोंबला होता.

मल्हारराव देवाप्पाला घेऊन फाटकातून आत आले. चार वर्षांत पहिल्यांदा. “दाजी, बसा खुर्चीवर.”

आचार्य भिंतीआडून म्हणाले, “सूर्यास्त सहा तीसला आहे. आत्ता सहा दहा. स्वल्प थांबा.”

“थांबलो तर हा दिवा लागला म्हणून पेटी मिटेल!” मल्हाररावांनी देवाप्पाकडे बोट केलं. “उद्या मंगळवार. बुधवारपर्यंत हे दाजी मिशी घेऊन मैसूरला पळतील. आता कुठलं पाखरू येणार आहे? सगळी घरट्यांकडे चालली. मला एवढ्या लोकांसमोर उतरलेली पाहिजे. आत्ता!”

“शिरस्तेदार, वीस मिनिटं कायद्यानं त्यांची आहेत,” आचार्य म्हणाले.

“भीक नको मला वीस मिनिटांची,” मानसिंगराव म्हणाले आणि खुर्चीवर बसले. “बस देवाप्पा. ह्याचा जीव किती लहान आहे ते लोकांना दिसू दे.”

देवाप्पानं टॉवेल बांधला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि कात्री चालवली. उजवी बाजू गेली. पांढऱ्या, तुपानं मऊ झालेल्या केसांचा झुबका टॉवेलवरून घरंगळत मेंदीच्या कुंपणाशी जाऊन पडला. बाहेर कोणीतरी ‘अय्यो’ म्हणालं. मल्हाररावांनी टाळी वाजवली.

टाळी विरली नाही तोच कुंपणातून एक काळं-पांढरं पाखरू खाली उतरलं. शेपटी उभी, चोच बारीक. त्यानं झुबक्याभोवती एक फेरी मारली, सहा-सात केस चोचीत नीट गोळा केले, दोन्ही बाजूंनी लोंबणारे, आणि उडालं. क्षणभर त्यालाच मिशी आल्यासारखी दिसली.

“दयाळ,” आचार्य म्हणाले. टक्. “नऊ-नऊ.”

फाटकाबाहेरची माणसं पुढं रेटली. मानसिंगरावांच्या डोक्यात मात्र एकदम तीन गोष्टी एका रांगेत उभ्या राहिल्या: मडक्याची झिजत गेलेली मिशी, शिवाप्पाचे बारीक चोचीवाले, आणि मेंदीच्या कुंपणात दुपारच्या आत संपणारं गुंतवळ. वारा नव्हता तो. घरटी होती.

“देवाप्पा,” ते म्हणाले, “दुसरी बाजू.”

“थांब!” मल्हाररावांनी देवाप्पाचा हात धरला. “कापू नकोस! दाजी, राहू द्या, अर्धी राहू द्या की! शोभते तुम्हाला!”

“काप.”

“मी माफ केली! अर्धी माफ!”

“तुझी माफी बोक्याला दे. हात सोड त्याचा!”

मल्हारराव देवाप्पाच्या हाताला लोंबकळले. कात्री हवेत. माणसं फाटकावर चढली. एक माणूस आपली मिशी कापून घ्यायला धडपडतोय आणि त्याचा वैरी ती वाचवायला रडतोय, असं गवीपुरानं पूर्वी पाहिलं नव्हतं. शेवटी मानसिंगरावांनी कात्री हिसकावली, डावी बाजू स्वतःच मुळापासून कापली आणि मूठ उघडून केस कुंपणाशी पसरले, घोड्यापुढं गवत टाकावं तसे. मग हात मागं बांधून उभे राहिले.

सहा चोवीस. सहा सव्वीस. मल्हाररावांनी टाळी वाजवायला हात वर नेले. भागुबाईनं मागून त्यांचे दोन्ही हात धरले. “आता वाजवा बघू.”

लिंबाच्या झाडातून एक एवढंसं हिरवट पाखरू टुणटुणत आलं. अंगठ्याहून मोठं नव्हतं. त्यानं एक केस उचलला, तो लांब वाटला म्हणून टाकला, दुसरा उचलला, तो त्याच्यापेक्षाही लांब होता, तोच पसंत केला आणि लिंबात शिरलं.

“शिंपी,” आचार्य म्हणाले. टक्. “दहा.”

“केस!” मल्हारराव किंचाळले. “केस म्हणजे काय दाणा झाला?”

आचार्यांनी कागद शांतपणे वाचला. “‘दाणा, फळ, किडा, काही का असेना.’ अक्षर माझं, वाक्य तुमचं. सूर्यास्ताला तीन मिनिटं आहेत.”

देवाप्पानं टॉवेल झटकला आणि मल्हाररावांच्या गळ्यात बांधला. “बसा शिरस्तेदार. दिवा लागायच्या आत उरकायचंय. घाई तुमचीच हाय.”

काळी रेघ दोन फटक्यांत गेली. भीमाचार्यांनी पंचांग मिटलं, भागुबाईनं देवाशी दिवा लावला, लोक घरी गेले. कलप लावलेले ते केस आठवडाभर पेरूखाली पडून होते. एकाही पाखरानं त्यांना चोच लावली नाही. मुंग्यासुद्धा त्यांना वळसा घालून जात. शेवटी भागुबाईनं झाडून टाकले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मानसिंगराव सवयीनं फाटकाशी उभे राहिले. तुपाचं बोट ओठाशी गेलं आणि तिथंच थांबलं. मग ते तूप त्यांनी फाटकाच्या बिजागरीला लावलं. दूधवाल्याला वेळ कळेना, तो महिनाभर उशिरा आला. मिशी उगादीनंतर परत वाढायला लागली, आणि दर बुधवारी देवाप्पा टोकं छाटून गेला की मानसिंगराव तो झुबका मेंदीच्या कुंपणात, सोयराबाई खोचत त्याच फांदीत, खोचू लागले. दुपारच्या आत तो संपे. भातात एखादा केस यायचा. ते काही बोलत नसत.

लिंबावर दोन पानं पांढऱ्या केसानं शिवलेली होती. भिंतीवरून उघड्या ओठाचं एक तोंड वर आलं.

“दाजी, तुमच्या मिशीत अंडी घातलीत म्हणे.”

“तीन,” मानसिंगराव म्हणाले. “खाली उतर शिरस्तेदार, ती उबवतेय. तुझं तोंड बघून दचकेल.”